चाळीस अक्षरांची चौकट

उंडीपाड्यात अंबिकाबाईंशी बोलायला जाणारा माणूस फाटकापाशी एकदा थांबत असे आणि मनातल्या मनात वाक्य जुळवून घेत असे. ती सवय बाईंनीच लावली होती. कोणी पायरीवर टेकून "त्याचं असं झालं बाई, परवा आमच्या मेव्हण्याकडे..." अशी सुरुवात केली की बाईंचा हात वर. "मेव्हणा राहू दे. काम काय?" मग समोरच्याला आपलं काम एका दमात सांगावं लागे, आणि गंमत म्हणजे ते सांगता येई.

अलिबागेच्या बाजूला तीसेक वर्षं त्यांनी मराठी शिकवलं. मुलांच्या निबंधांवर त्यांची लाल शाई पावसासारखी पडायची. अर्ध्या पानावर आडवी रेघ मारून खाली लिहायच्या, "पाल्हाळ." निवृत्त झाल्यावर नवऱ्याच्या, बापूंच्या, वाडीत येऊन राहिल्या. नारळ-सुपारी बापू बघायचे, पाणी बापू लावायचे, गड्यांशी हुज्जत बापूच घालायचे. बाईंना करायला काही उरलं नाही, म्हणून त्या कॉम्प्युटर शिकल्या. बापू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "लाल शाई संपली. आता हिच्या हातात उंदीर दिलाय."

फॉर्मांचं वेड लागलं ते ग्रामपंचायतीत. नळजोडणीचा अर्ज भरायला गेल्या, तर ऑपरेटर पोरगी कॉम्प्युटरवरच नाव टाइप करत होती आणि नावापुढचे ठिपके ढकलले जाऊन खालच्या ओळीवर पडत होते. दोन ओळी भरेपर्यंत सही पुढच्या पानावर गेली.

"हा अर्ज आहे की मुंग्यांची रांग?" बाई म्हणाल्या आणि ती फाईल पेनड्राइव्हवर घेऊन घरी आल्या.

चार दिवस त्या वर्डमध्ये बुडाल्या होत्या. ठिपके सगळे उडवले. त्यांच्या जागी न दिसणाऱ्या रेघांचं कोष्टक आखलं आणि कोष्टकात करड्या चौकटी बसवल्या. नावाला लिहायची चौकट, तारखेला तारखेचीच, वाडीच्या नावाला यादी, म्हणजे बाण दाबला की गावातल्या वाड्या खाली उलगडतात आणि त्यातली एक निवडायची. मग सगळ्या पानाला पासवर्डचं कुलूप. भरणाऱ्याने करड्यात भरावं, पांढऱ्याला हात लावू नये. टॅब दाबला की कर्सर एका चौकटीतून दुसरीत उडी मारी. ते बघून बाईंना पूर्वी एखाद्या मुलाने व्याकरण न चुकता निबंध आणून दिला की व्हायचा तसा आनंद झाला.

पुढे गावात कुठलाही अर्ज निघो, तो बाईंकडून यायचा. घरपट्टीवरचा नावबदल, मासळीबाजारातला ओटा, महिला मंडळाची नोंदणी. एक पैसा त्यांनी कधी घेतला नाही. लोक म्हणत, "बाईंचा फॉर्म आहे, चुकायचं कारण नाही." बाईंनाही तसंच वाटत असे.

मग पार्किंगचं आलं.

उंडीपाडा हे काशीदच्या वाटेवरचं गाव. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याच्या गाड्या गल्लीबोळात अडकून पडतात, हे खरंच. किनाऱ्याला लागून कोळणींचं खळं आहे. मासळी सुकवायची ती मोकळी जागा. बांबूंवर बोंबील, खाली जवळा, आणि वर कावळे हाकायला एखादी म्हातारी. ते खळं गाड्यांना द्यावं असा ठराव पुढे आला, आणि ग्रामसभेच्या आधी घरटी एक मत फॉर्मवर घ्यायचं ठरलं. ग्रामसेवक हरेश्वर भाऊसाहेब तळा गावचे, साधा माणूस. ते म्हणाले, "बाई, दोन चौकोन टाका. सहमत आणि असहमत. टिकमार्क केलं की झालं."

"का? लोक काय परीक्षेला बसलेत?" बाई म्हणाल्या. "माणसाला तोंड दिलंय देवानं. आपलं मत आपल्या शब्दांत लिहू दे."

भाऊसाहेबांनी मान डोलावली. बाईंपुढे सगळेच डोलावत.

पण शब्द मोकळे सोडले तर गाव कुठवर जाईल हेही बाईंना माहीत होतं. मत विचारलं की लोक आजोबांपासून सुरू होणार, फॉर्म तीन पानं होणार. म्हणून मताच्या चौकटीला त्यांनी मर्यादा घातली. वर्डमध्ये तशी सोय आहे, जास्तीत जास्त किती अक्षरं ते लिहायचं. बाईंनी लिहिलं, चाळीस. चाळीस अक्षरांत श्लोकाच्या वर मजकूर बसतो, मग एका पार्किंगला किती लागतात? खात्री म्हणून त्यांनी 'क'ची कळ दाबून धरली. चाळीस क आले, एक्केचाळिसावा आला नाही. चोख काम. त्यांनी कुलूप लावून फाईल पाठवून दिली.

फॉर्म भरून घ्यायचं काम प्राप्तीकडे आलं. पंचायतीतली ऑपरेटर ती हीच. आगऱ्यांची मुलगी, बाईंच्याच हाताखाली शिकलेली, आता तिशीची. नवरा अल्पेश किनाऱ्यावर पर्यटकांना स्कूटर भाड्याने देतो. तिची आठ वर्षांची राही शाळा सुटली की आईच्या ऑफिसात बाकावर येऊन बसते. लोक रांगेत यायचे, बोलायचे, प्राप्ती त्यांच्या बोलण्याचं पुस्तकी मराठी करून टाइप करायची, प्रिंट काढून सही किंवा अंगठा घ्यायची. ज्यांना वाचता येतं ते वाचून बघत. ज्यांना येत नाही ते अंगठा उठवून निघून जात.

आठवड्याने भाऊसाहेबांनी मतांची यादी फळ्यावर लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी नीराबाई कोळीण बाईंच्या अंगणात उभी. डोक्यावर पाटी नव्हती, तेव्हाच बाईंना कळलं काहीतरी बिनसलंय.

"अंबिकाबाय, माजा खला मी दिला म्हनतात!"

"कोणाला दिलास?"

"मी कुनाला देऊ? माज्या सासूनं तितं बोंबील वालवलं, मी वालवते. माजा पोरगा फल्यावर वाचून आला. नीराबाई तयार, असा लिवलाय. बाकीच्या बायाही म्हनं तयार! मी त्या प्राप्तीला सोमोर बसून सांगतलं, मी तयार न्हाय. दोनदा सांगतलं. तिनं माजा न्हाय खाल्लान!"

"असं कसं खाईल ती?"

"तिचा दादला गाड्यांच्या धंद्यात हाय, ह्ये इसरलीस काय? गाड्या वाढल्या की त्याचंच पोट वाढनार. आता गावात सगल्यांना ठावं हाय. सभेत तिचं नाव काढनार मी. खुर्चीवरनं उठवीन तिला."

बाईंनी चपला घातल्या. दुपारचं ऊन होतं, पण हातचं काम उद्यावर टाकणं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या तरातरा पंचायतीत पोचल्या. दाखल्यांसाठी सात-आठ माणसं रांगेत होती, राही बाकावर डबा खात होती. बाईंनी नीराबाईचा फॉर्म मागवला. छापील पानावर, करड्या चौकटीत, स्वच्छ लिहिलेलं होतं: वाळवणाची जागा गाड्यांना द्यायला मी तयार. खाली निळा अंगठा.

"प्राप्ती, एवढंसं वाक्य. तेही पुरं टाइप करता येत नाही?"

"बाई, मी पूर्ण केलं होतं. मला आठवतंय. तयार नाही असंच टाइप केलं होतं."

"मग 'नाही' कुठे गेलं? समुद्रात पोहायला गेलं?"

रांगेतला कोणीतरी हसला. प्राप्तीचा चेहरा उतरला.

"प्रिंट काढल्यावर वाचायचं असतं. अंगठा घेण्याआधी वाचून दाखवायचं असतं. शाळेत कधी लक्ष दिलं असतंस तर आज एका बाईची जागा जायची वेळ आली नसती. का लक्ष भलतीकडेच होतं?"

ही 'भलतीकडे'ची फोडणी बाईंनी का घातली ते त्यांचं त्यांना सांगता आलं नसतं. जिभेवर आली, टाकली. पण रांगेतल्या प्रत्येकाने मनात अल्पेशच्या स्कूटर मोजल्या. राहीने डब्याचं झाकण लावलं. प्राप्ती एवढंच म्हणाली, "चुकले असेन, बाई."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बाईंनी स्वतः विचारलं, आणि पोरीला उत्तर देता आलं नाही.

दोन दिवसांनी बाईंनी फॉर्म उघडला तो वेगळ्याच कारणासाठी. भाऊसाहेबांनी फोन करून विचारलं होतं, की वाक्य चौकटीत मावलं नसेल असं तर नाही ना झालं, बाई? बाईंना राग आला. एकोणीस अक्षरांचं वाक्य चाळिसाच्या चौकटीत मावत नाही? वा, ळ, व, णा, ची. पेरांवर मोजून झालं. जा, गा. गा, ड्यां, ना. एकोणीसच भरत होती. मोकळ्या जागा धरल्या तरी पंचविसाच्या वर जात नव्हतं. हे भाऊसाहेबांना दाखवायचं म्हणून त्यांनी तेच वाक्य चौकटीत टाइप करायला घेतलं.

"तयार"पर्यंत नीट आलं. मग 'न' दाबला. आला नाही. पुन्हा दाबला. कळ अडकली असेल म्हणून फुंकर घातली, जोरात दाबला. कर्सर "तयार"च्या पुढे एक जागा सोडून लुकलुकत उभा होता, आणि पुढे पाऊल टाकत नव्हता.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. मग पुढे झुकून एकेक चिन्ह मोजायला लागल्या, पण आता पेरांवर नाही, मशीन मोजेल तसं. व एक. त्याचा काना दोन. ळ तीन, व चार, ण पाच, काना सहा, च सात, वेलांटी आठ. "द्या" हे त्यांच्या लेखी एक अक्षर. मशीनच्या लेखी द, त्याचा मोडका पाय, य आणि काना, असे चार. मोजत मोजत त्या शेवटी आल्या. तयारचा र एकोणचाळीस. पुढची मोकळी जागा चाळीस.

नाही बाहेर.

आणि त्यांनी चाचणी घेतली होती ती 'क'ची! ना काना, ना मात्रा. जन्मभर अक्षरगणवृत्तं शिकवली, फळ्यावर लघु-गुरूंच्या खुणा काढल्या, आणि अक्षर म्हणजे काय हे मशीनला विचारायचं त्यांना सुचलं नाही. मराठीत नकार शेवटी येतो. वाक्याचं शेपूट कापलं की हो उरतं. एवढं तर त्यांना कुठल्याही मशीनपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मग एक गोष्ट आठवली, आणि ती मात्र आठवली नसती तर बरं झालं असतं. फॉर्म भरणं चालू होतं तेव्हा प्राप्तीचा फोन आला होता. "बाई, एखाद्याचं वाक्य मध्येच थांबतंय. मोठं बोलतात ना." आणि बाई म्हणाल्या होत्या, "मग छोटं बोलायला सांग. पाल्हाळ नको." फोन ठेवून त्या हरभरे निवडायला बसल्या होत्या. पोरीने ज्यांचं थांबलेलं दिसलं त्यांचं छोटं केलं असणार. रांग लागलेली, नजर बोलणाऱ्याच्या तोंडाकडे, हात कळांवर. प्रत्येकाचं कसं दिसणार?

आता माणसाने काय करावं? सरळ चपला घालाव्यात, त्या दिवशी घातल्या तशा. बाईंनी घातल्या नाहीत. त्यांनी फॉर्मचं कुलूप उघडलं, चाळीसचा आकडा काढून मर्यादाच उडवली, कुलूप लावलं आणि भाऊसाहेबांना फाईल पाठवली. सोबत लिहिलं: फॉर्ममध्ये किरकोळ सुधारणा केली आहे. जुना वापरू नये.

किरकोळ! पाठवून झाल्यावर तो शब्द त्यांना दिवसभर खात राहिला. मुलाच्या निबंधात सापडला असता तर त्यांनी त्याखाली दोन रेघा मारल्या असत्या.

बातम्या येतच होत्या. बापू पारावरून ऐकून यायचे. कोळणी पंचायतीत दाखल्याला गेल्या की प्राप्तीच्या टेबलावर जात नाहीत, भाऊसाहेबांकडून हाताने लिहून घेतात. शाळेत पोरं राहीला "नाहीखाऊची पोर" म्हणतात. तिने एकाला चावा घेतला म्हणून तिलाच उभं केलं. अल्पेश प्राप्तीला म्हणतो, नोकरी सोड, पण सोडली तर लोक म्हणणार, बघा, खरंच होतं.

"प्राप्ती खायची नाही कोणाचं काही," बापू म्हणाले. "पण एकदा नावाला लागलं ना, की..."

"जेवायला बसा," बाई म्हणाल्या.

आणि मग नीराबाई आली. या वेळी पाटी होती. तिने पाटीतून एक पुडी काढून बाईंच्या हातात दिली. सोडे. सुक्या कोलंबीचे, लालसर, एकसारखे, निवडून घेतलेले.

"पैसं न्हाय घेनार. तुज्यासाठी आनलं."

"कशाबद्दल?"

"बाय, सगल्यांसोमोर तू बोललीस, तवा ती गप झाली. आमच्या बायांचं कोन ऐकत व्हता? तू बोललीस म्हनून गावाला पटला. आता सभेत बग, ती उभी रहायची न्हाय."

"नीराबाई, मी काही केलं नाही गं."

"तू न्हाय केलंस तर कोन करनार? शिकलेला मानूस आमच्या बाजूनं बोलला, ह्येच लय झाला."

बाईंना तेव्हा बोलता आलं असतं. नीराबाई पायरीवर बसली होती, पाणी पीत होती, घाईत नव्हती. बाईंनी तोंड उघडलं आणि विचारलं, "आणखी पाणी देऊ?"

ती गेल्यावर बापूंनी पुडी हुंगली. "वांग्यात घाल. कधीपासून झाले नाहीत."

"नको."

"सोड्यांनी काय घोडं मारलंय तुझं?"

तेव्हा बाईंनी सांगितलं. उभ्या उभ्या, ओट्याला पाठ लावून. बापू आधी हसले. चाळीस क वर तर फारच हसले. मग बाईंचा चेहरा बघून थांबले.

"भाऊसाहेबांना सांग मग."

"सांगणार आहे."

"कधी?"

"अहो, नीट मांडायला नको?"

"तू? मांडायला वेळ?" बापू म्हणाले, आणि सोड्यांची पुडी आपल्या हाताने फडताळात ठेवून वाडीत निघून गेले.

बाई नीट मांडायला बसल्या. कॉम्प्युटरवर त्यांनी लिहिलं, "तांत्रिक अडचणीमुळे काही अभिप्राय अपूर्ण राहिले." वाचून बघितलं. वाक्य सुरेख होतं. कोणाचं नाव नाही, कोणाचा हात नाही, अडचण आपोआप आली, अभिप्राय आपोआप राहिले. मुलांना त्या सांगत आल्या होत्या, क्रियापदाला विचारा, करणारा कोण? राहिले कसे? कोणी ठेवले? त्यांनी वाक्य पुसलं. दुसरं लिहिलं, "संगणकाच्या मोजणीत फरक पडल्याने..." तेही पुसलं. संगणकाने बरोबर मोजलं होतं. चाळीस सांगितले, चाळीस घेतले. जेवणवेळ झाली तरी पडद्यावर काही नव्हतं, आणि ज्या बाईने दुसऱ्याचं वाक्य कधी लांबू दिलं नाही तिला स्वतःचं एक साधं वाक्य लिहवत नव्हतं.

ग्रामसभा देवळाच्या मंडपात भरली. सकाळची वेळ, पंखे फिरत होते. कोळणी एका बाजूला दाटीने बसल्या होत्या. हॉटेलवाले, होमस्टेवाले दुसऱ्या बाजूला. प्राप्ती मागे, खांबापाशी, ओढणी चापून बसलेली. तिच्या आजूबाजूच्या सतरंजीवर कोणी बसलं नव्हतं. बाईंना नेहमीप्रमाणे पुढे खुर्ची ठेवली होती.

पार्किंगचा विषय निघाला तशी नीराबाई उठली. "त्याच्याआदी माजा इचारायचा हाय. ही पोरगी..."

"नीराबाई, थांब," बाई म्हणाल्या. "आधी मला बोलू दे."

नीराबाई खुशीत खाली बसली. बाई आपल्याच बाजूने बोलणार होत्या.

"बोला बाई," सरपंच म्हणाले, आणि घड्याळाकडे बघून, "पण जरा आटोपशीर."

मंडपात खसखस पिकली. बाईंना कोणी असं सांगेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

"आटोपशीर नाही सांगणार," बाई म्हणाल्या. "आटोपशीरपणानेच घोळ झालाय. मला सांगा, 'नाही' या शब्दात अक्षरं किती?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. "दोन," एक पोरगा म्हणाला.

"मीही दोनच मोजली. कॉम्प्युटर चार मोजतो. न, त्याचा काना, ह, त्याची वेलांटी. तो प्रत्येक काना-मात्रेला वेगळं धरतो. मतं लिहायची चौकट मी बनवली. लोक फार बोलतात म्हणून तिला मी चाळीस अक्षरांचं कुंपण घातलं. माझ्या मोजणीने ते पुष्कळ होतं, मशीनच्या मोजणीने अर्धं. नीराबाईचं आणि तिच्यासारख्या आणखी बायांचं वाक्य 'तयार'पाशी भरलं. पुढचं 'नाही' प्राप्तीने टाइप केलं होतं. चौकटीने घेतलं नाही. घंटा वाजली नाही, काही नाही."

"म्हणजे मशीनचा फॉल्ट," सरपंच मदतीला आल्यासारखे म्हणाले.

"मशीनचा नाही. माझा. भाऊसाहेब दोन चौकोन टाका म्हणत होते, मी ऐकलं नाही. प्राप्तीने मला फोन करून सांगितलं होतं की वाक्यं अडतायत, मी ऐकलं नाही. आणि मग मीच जाऊन सगळ्यांसमोर तिला बोलले. नंतर मला कळलं. कळून आठ दिवस झाले. आठ दिवस मी गप्प बसले."

हे शेवटचं त्यांनी घरी ठरवलं नव्हतं. चूक सांगायची एवढंच ठरवलं होतं. पण एकदा तोंड उघडल्यावर वाक्य मध्येच तोडवेना.

मग होमस्टेवाल्यांतून कोणीतरी म्हणालं, "बाईंचा फॉर्म, चुकायचं कारण नाही!" थोडे हसले. बाई उभ्याच होत्या.

नीराबाई हळूहळू उठली. "म्हंजी माजा न्हाय तुज्या पेटीत मावला नाय?"

"मी मावू दिलं नाही."

"आनि मी तुला सोडं दिलं?"

"हो."

"ते तू घेतलंस?"

"घेतले."

नीराबाईने बाईंकडे बघितलं, मग मागे वळून खांबाकडे. "ए पोरी," ती म्हणाली, "मी तुला लय वंगाल बोलले गं." प्राप्तीने मान हलवली. ती हो म्हणाली की जाऊ दे म्हणाली, ते पुढच्यांना कळलं नाही.

भाऊसाहेबांनी जुनी मतं बाद केल्याचं जाहीर केलं. नव्याने घ्यायची, तोंडी, इथेच, आणि नोंद वहीत. नीराबाईने पहिला "न्हाय" असा मारला की देवळातली कबुतरं उडाली. तिच्यामागे एकेक कोळीण उठत गेली. दोघीतिघी खरोखरच तयार होत्या, त्यांच्या घरी आता मासळी सुकवायला कोणी उरलेलं नव्हतं, त्यांनी तसं सांगितलं. पण न्हाय म्हणणाऱ्या कितीतरी जास्त. पार्किंगला दुसरी जागा बघायचं ठरलं. होमस्टेवाले कुरकुरत उठले.

बाई मंडपाबाहेर आल्या तेव्हा प्राप्ती पुढे चालली होती. बाईंनी हाक मारली. ती थांबली.

"प्राप्ती, माझं चुकलं. तुला बोलायला नको होतं."

"सांगितलंत ना सभेत, बाई. सगळ्यांनी ऐकलं."

"तरी तुला वेगळं सांगते."

प्राप्तीने ओढणी सारखी केली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, खाली, नम्र. "मला नका सांगू. त्या दिवशी राही तिथे होती. सभेला ती नव्हती. तिला वाटतं आईने खरंच काहीतरी केलं, कारण तुम्ही ओरडलात. तिच्या लेखी तुम्ही माझ्या बाई. बाई चुकत नाहीत, असं मीच तिला सांगत आले. तिला सांगता येईल का तुम्हाला?"

"आत्ता येते," बाई म्हणाल्या.

प्राप्तीचं घर वर कातळी सड्याच्या बाजूला आहे. चढ होता, बाईंना दम लागला, पण त्या थांबल्या नाहीत. राही ओट्यावर बसून शिंपल्यांना भोकं पाडत होती. बाईंना बघून ती उठून आईच्या मागे गेली. प्राप्ती बाजूला सरून घरात निघून गेली. बाईंना बसा कोणी म्हणालं नाही.

"राही, तुझ्या आईला मी ऑफिसात ओरडले होते, आठवतं?"

मुलीने मान हलवली.

"ते चुकीचं होतं. आईने 'नाही' बरोबर लिहिलं होतं. मी फॉर्म चुकीचा बनवला होता, त्यामुळे ते उमटलं नाही. आईने काही खाल्लं नाही. चूक माझी."

"सगळी?"

"सगळी."

राहीने विचार केला. "मग तुम्हाला कोण ओरडलं?"

बाईंनी उत्तर शोधलं. सरपंच ओरडले नव्हते, नीराबाई ओरडली नव्हती, बापूही नाही. "कोणी नाही," त्या म्हणाल्या.

"कोणीच नाही?"

"नाही."

"मग मी ओरडू?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. "ओरड," बाई म्हणाल्या, आणि खरंच हात खाली सोडून, वर्गात उभं केलेल्या मुलासारख्या सरळ उभ्या राहिल्या.

राही एक पाऊल पुढे आली. तिने श्वास भरून घेतला, गाल फुगवले. बाईंच्या पांढऱ्या केसांकडे, चढाने धापणाऱ्या छातीकडे, धुळीने भरलेल्या चपलांकडे बघितलं. गाल हळूहळू खाली आले.

"जाऊ दे," ती म्हणाली. "तुम्ही म्हाताऱ्या आहात."

आणि पुन्हा शिंपल्यांपाशी जाऊन बसली. बाई अजून हात खाली सोडून उभ्याच होत्या. ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.